हसनभाईंच्या अंगणातली आकाशहोडी

जव्हारला चार पावसाळे काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायाला चिकटून चिखल घरात येतो तसे ते येतात, आणि वाळले तरी झटकले जात नाहीत. मला अजून कोणी ना कोणी विचारतं, "गोदूबाई, ती तुमची आकाशातली कादंबरी खरंच होती का हो?" होती. मी स्वतः तिच्यात होते. पण कादंबरीपेक्षा ज्या अंगणात ती वाचली जायची तिथलेच किस्से जास्त आहेत. तेच सांगते.

*

संस्थानचा काळ होता. मी नाशिकला नर्सचं ट्रेनिंग घेऊन जव्हारच्या दवाखान्यात लागले होते. वय सव्वीस, विधवा, डोक्यावर केस शाबूत, अंगाला आयोडीनचा वास आणि सोबत पुरुषमाणूस नाही. अशा बाईला खोली कोण देणार? जिथं विचारावं तिथं घरमालकाकडे नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे असत.

शेवटी मोखाड्याच्या रस्त्याला लागून एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर आहे असं कळलं. हसनभाई. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे खोल्या मोकळ्या, आणि घरासमोर हे एवढं अंगण. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, नंतर कटकट नको. "मी विधवा आहे. ब्राह्मण आहे. बाळंतपणाला कधीही बोलावणं येतं, मी कधीही बाहेर जाते."

हसनभाईंनी मशीनवरचा पाय थांबवला नाही. "बेटी, माझ्या दुकानात मी फक्त माप विचारतो," ते म्हणाले. "खोली पूर्वेची हवी की पश्चिमेची?"

*

घरामागे रावजी गाडीवान आपले बैल बांधायचा. तो खोडाळ्याचा. पटकीच्या साथीत त्याची बायको आणि दोन्ही मुलं गेली, तेव्हापासून तो गावात झोपायला जात नसे. जव्हारचा माल डहाणूच्या स्टेशनावर न्यायचा आणि परत येऊन बैलांशेजारी पडायचं, एवढंच त्याचं चाललं होतं.

एकदा त्याच्या गाडीत मालाऐवजी माणूस आला. दामूमास्तर. गावात भाऊसाहेब म्हणून एक मोठं प्रस्थ होतं, त्यांची स्वतःची शाळा होती. मास्तरांनी पाड्यावरच्या दोन मुलांना इतरांच्या ओळीत बसवलं म्हणून भाऊसाहेबांनी त्यांना घरी बसवलं होतं. मास्तरांना घरच नव्हतं. ते शाळेच्याच खोलीत राहायचे. रावजीनं ट्रंक गाडीत चढवली आणि विचारलं, "कुठं सोडू?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"मग माझे बैल जातात तिकडं सोडतो," रावजी म्हणाला. बैल आमच्या परसात आले. मास्तर दोन दिवसांसाठी म्हणून उतरले, ते उतरलेच.

बायजा आली ती मात्र दवाखान्यातून. साखरशेतची वारलीण. नवऱ्यानं हात मोडला होता. हाड जुळलं, पट्ट्या सोडल्या, डॉक्टर म्हणाले, आता घरी जा. ड्यूटी संपवून मी निघाले तर ती माझ्यामागून चालत होती. मला वाटलं, वळणापर्यंत असेल. ती दारातून आत आली, चुलीजवळ बसली आणि टोपलीतली भाकरी उचलून उलटीसुलटी करून बघितली.

"नागलीची भाकर कोण थापतो इथं?"

मास्तरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"उद्यापास्नं थापू नको," ती म्हणाली.

अशी आमची पाच माणसं जमली. कोणी ठरवून जमलं नव्हतं.

*

कादंबरी सुरू झाली ती रावजीमुळे. पावसानं घाट बंद पडला होता. गाडी उभी, बैल उभे, आणि रावजी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत असायचा. काम नसलं की त्याला मुलं आठवत. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं. रावजी एकदा म्हणाला, "सगळ्या वाटा बंद झाल्या की माणसानं जावं कुठं?"

"वर," मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सागाची एक होडी. तिला शिडं आहेत, पण ती पाण्यात नाही, आकाशात चालते. ताऱ्यांमधून. होडीतली माणसं आपापल्या गावांतून हाकललेली. कुठं उतरायला जागा मिळेल ते शोधत हिंडताहेत. कप्तान मोठा शूर गडी. त्याला एका ताऱ्यावरून राजकन्या सोडवायची आहे.

बायजा तांदूळ निवडत ऐकत होती. "तिला काय झालंय?"

"राक्षसानं दोरानं बांधून ठेवलंय तिला."

"तिला दात नायत का?"

"दात आहेत."

"मग बसून काय राहिलीय? चावायचा दोर."

मास्तर उठून खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून कागद काढले आणि प्रकरण लिहूनच आणलं. त्यात राजकन्येनं दोर चावून तोडला होता. आणखी थोड्या दिवसांत ती राजकन्याही राहिली नाही, होडीची कप्तान झाली, आणि थेट बायजासारखी बोलू लागली. आधीच्या शूर गड्याचं काय झालं, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "तो एका ताऱ्यावर उतरला. कोणी त्याला परत बोलावलं नाही."

*

मग एकेकाचे हट्ट सुरू झाले. हसनभाई म्हणाले, शिडं फाटणार, तर होडीवर शिंपी पाहिजे. शिंपी आला. माझ्यासाठी मास्तरांनी न विचारताच एक वैद्यीण घातली. स्वतःला त्यांनी नकाशे बघणारा वाटाड्या केलं. तो सारखा वाट चुकायचा.

रावजी मात्र अडून बसला. "वाऱ्यानं होडी पळेल, पण बैल नाहीत, मग ती थांबवायची कशी?"

"रावजी, आकाशात बैल कसे चालतील?"

"सागाची होडी चालते. बैल नाही चालत?"

होडीवर बैल आले. आकाशात वजन नसल्यामुळे ते शिडांच्या दोऱ्यांना बांधून ठेवावे लागत, नाहीतर तरंगत जात. एका प्रकरणात एक बैल सुटून ताऱ्यांमध्ये दूर निघून गेला, आणि सगळी मोहीम सोडून होडी त्याच्यामागे गेली. सापडेपर्यंत मास्तर चार दिवस वाचत होते. सापडला तेव्हा रावजी उठून परसात गेला. मागे जाऊन बघितलं तर आपल्या बैलाच्या मानेवर डोकं टेकवून उभा होता. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परत आल्यावर म्हणाला, "त्याला आता दोन दोऱ्या बांधा, मास्तर."

*

पाऊस ओसरल्यावर वाचन ओसरीवरून अंगणात आलं. दिवे लागायच्या सुमाराला लोक येऊन बसू लागले. आधी शेजारचे, मग बाजाराला आलेले पाड्यावरचे, मग चांगल्या घरातल्या बायकासुद्धा, पाण्याला जाते असं सांगून. अंगणात खुर्ची एकच, ती वाचणाऱ्याची. बाकी सगळे जमिनीवर, जागा मिळेल तिथं.

भाऊसाहेबांच्या कानावर गेलंच. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तरांना वाटलं, झाडतील. पण भाऊसाहेबांनी चहा दिला. म्हणाले, "तुमच्यासारखा शिकवणारा मला मिळाला नाही. झालं गेलं सोडून द्या. सोमवारपासून शाळेत या. राहायची खोली तुमचीच आहे. फक्त ते घर सोडा आणि तो पोरखेळ बंद करा. वारलीण हुकूम देते आणि ब्राह्मण वाटाड्या ऐकतो, हे काय वाङ्मय झालं?"

मास्तरांना शिकवण्याचं वेड होतं. शाळा सुटल्यापासून ते चालता चालता हवेत बोटानं अक्षरं काढायचे, हे आम्ही सगळे बघत होतो. त्या संध्याकाळी ते परत आले. बायजानं ताट वाढलं. हसनभाई उगाच कात्रीला धार लावत बसले.

मास्तरांनी कागद उघडले. त्या दिवशीच्या प्रकरणात होडीला एक सुंदर तारा लागला. गोड पाणी, हिरवं रान. तिथले लोक म्हणाले, उतरा, पण एकट्या वाटाड्यानं. बाकीच्यांनी पुढं जावं.

"मग?" हसनभाईंनी विचारलं.

"वाटाड्या म्हणाला, कप्तानाला विचारून सांगतो."

सगळ्यांनी बायजाकडे बघितलं. ती भाकरी उलटत होती. "शिडं वर करा," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेबांना मी हेच सांगून आलोय," ते म्हणाले.

*

बायजाचा नवरा आला तो बाजाराच्या दिवशी, दोन भावांना घेऊन. भर दुपारची वेळ. मी नुकतीच दवाखान्यातून आले होते. तिघं अंगणात उभे राहिले. नवरा म्हणाला, "बायकोला न्यायला आलोय."

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. त्यांची प्रकृती अशी की जोराचा वारा आला तरी आम्ही त्यांना आत बोलवायचो. रावजी परसातून हातात बैल हाकायची पराणी घेऊन आला. हसनभाई मशीनवरून उठले, ती मोठी कात्री त्यांच्या हातातच राहिली होती. मी काहीच घेतलं नव्हतं. मग लक्षात आलं, चुलीतलं जळतं लाकूड माझ्या हातात आहे.

बायजा आमच्यामधून वाट काढत पुढं गेली. मोडलेला हात तिनं नवऱ्यासमोर धरला. तो थोडा वाकडाच जुळला होता.

"हा मोडलास तवा एकटा होतास," ती म्हणाली. "आता भाऊ कशाला आणलेस? मी तेवढीच हाय."

नवऱ्यानं मान खाली घातली. भाऊ एकमेकांकडे बघू लागले. बघ्यांची गर्दी जमली होती, कोणी हसत नव्हतं.

"चल घरी," नवरा हळूच म्हणाला.

"घरीच हाय मी," बायजा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं तवा ठेवला.

ते तिघं गेल्यावर तिनं पीठ घेतलं, पण भाकरी थापता येईना. त्या दिवशी आम्ही मास्तरांनी थापलेली भाकरी खाल्ली, आणि बायजानं पहिल्यांदाच तिला नावं ठेवली नाहीत.

*

आता माझं सांगते.

होडीवरचा वाटाड्या आणि वैद्यीण, ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायची. जखम झाली की पट्टी, वाट चुकली की रागावणं. पण मास्तर वाचताना वैद्यिणीपाशी आले की त्यांचा आवाज खाली जायचा. मी खाली मान घालून वाती वळत बसायची. माझ्या केसांत तेव्हा अबोली नसायची, कपाळ रिकामं. मनात काय येतं ते स्वतःशीसुद्धा बोलायची सोय नव्हती. सासर तुटलेलं, माहेरी मी मेल्यात जमा. दवाखान्यात रोज दुसऱ्यांच्या लेकरांची नाळ कापायची आणि घरी यायचं, एवढ्यावर मी आयुष्य आखलं होतं.

अंगणातल्या लोकांना माझ्याइतका धीर नव्हता. एका संध्याकाळी रावजी सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, ती दोघं बोलणार कधी? माझे बैल म्हातारे व्हायला लागले."

लोक हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. पुढच्या संध्याकाळी त्यांनी प्रकरण वाचायला घेतलं. होडी शांत चालली आहे. बाकीचे झोपले आहेत. वाटाड्या वैद्यिणीपाशी येतो आणि म्हणतो, मला आजवर एकही वाट नीट सापडली नाही. तुम्ही बरोबर असाल तर चुकायलाही माझी हरकत नाही. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?

मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"ती काय म्हणाली?" मागून एक बाई ओरडली.

"पुढचं मी लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "मला ते माहीत नाही."

अंगणातल्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझी वात कधीच वळून झाली होती, तरी मी ती वळत होते. उठून आत जावं असं फार वाटलं. मग मला राग आला. कोणाचा, ते तेव्हाही कळलं नाही. माझ्या रिकाम्या कपाळाचा असेल.

मी मान वर केली. "वैद्यीण म्हणाली," मी म्हटलं, "एवढे तारे पालथे घातलेत, मग हे एवढंसं अंगण ओलांडायला इतके दिवस का लागले?"

*

भटजी मिळाला नाही. एकानं शास्त्र काढलं, एकानं पोटदुखी. बायजा साखरशेतला गेली आणि धवलेरीला घेऊन आली. वारल्यांमध्ये लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. गाणी म्हणत म्हणत ती लग्न लावते. म्हातारी कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत होता.

लग्नासाठी हसनभाईंनी मला लाल खणाची चोळी शिवली. माप घेतलं नव्हतं, तरी बरोबर बसली. चोळी अंगात घालून मी दोन मिनिटं खोलीतच उभी राहिले. लाल रंग अंगाला लागून किती वर्षं झाली होती. बाहेर आले तर हसनभाईंनी तोंड फिरवलं आणि सुई शोधू लागले. सुई त्यांच्या सदऱ्यालाच टोचलेली होती.

धवलेरीनं आम्हा दोघांना न्याहाळून बघितलं. मी म्हटलं, मागून कुरबूर नको. "आजी, माझं एकदा लग्न झालेलं आहे."

"बरां हाय," म्हातारी म्हणाली. "तुला रीत म्हायती. त्याला सांगत जा."

*

त्यानंतर भाऊसाहेबांनी खरा हिसका दाखवला. बाजारातली बरीचशी दुकानं त्यांच्या शब्दावर चालायची. जो त्या अंगणात बसेल त्याला तेल नाही, मीठ नाही, हसनभाईंकडे कोणी शिवायला कपडा टाकायचा नाही, असा निरोप फिरला. दवाखान्यातही त्यांचा माणूस गेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "मला नर्स हवी आहे. तिचं लग्न कोणी लावलं, त्यावर पेशंट बरा होत नाही." त्यामुळे माझी नोकरी राहिली, आणि तिच्यावर पाच माणसं राहिली.

पण अंगण ओस पडलं. पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघं खाली बसलो आणि मास्तर खुर्चीवर. समोर मोकळी सारवलेली जमीन. मास्तरांनी चार ओळी वाचल्या आणि कागद मिटले. "कोणासाठी वाचू?" ते म्हणाले.

आमच्या अंगणाशेजारच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी घरं. त्यांच्या भिंती, त्यांच्या मागच्या खिडक्या. त्या सगळ्या खिडक्या त्या दिवशी बोटभर उघड्या होत्या. हसनभाईंनी एकदा गल्लीवरून नजर फिरवली.

"मोठ्यानं वाचा, मास्तर," ते म्हणाले. "भिंतींना जरा कमी ऐकू येतं."

मास्तर उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणत तशा खड्या आवाजात वाचू लागले. पुढं रोज तसंच वाचलं.

*

हिवाळ्यात एका सकाळी भाऊसाहेबांकडची मोलकरीण धावत दवाखान्यात आली. त्यांची सून अडली होती. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. मी पिशवी उचलली, आणि घरून बायजालाही घेतलं, कारण अशा वेळी धरायला तिच्यासारखे हात नाहीत. दारात भाऊसाहेब उभे होते. त्यांनी मला आत सोडलं. बायजासमोर त्यांनी हात आडवा केला.

"दोघी येऊ, नाहीतर दोघी जाऊ," मी म्हटलं.

आतून सुनेची किंकाळी आली. हात खाली आला.

पोरगी एकोणीस-वीसची असेल. पहाटेपासून कळा देऊन थकली होती. मूल आडवं होतं. मी ते फिरवलं, पण तिच्या अंगात जोर उरला नव्हता. डोळे मिटायला लागली. "मला नाही जमायचं," ती पुटपुटत होती. मी गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. नाडी मंद होत चालली होती, आणि मला खरोखर भीती वाटली.

बायजानं तिला मागून कवेत घेतलं होतं. पोरीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तूच ना कप्तान?" ती म्हणाली. "काल होडी त्या काळ्या वादळात अडकली. सुटली का?"

खोलीच्या मागची खिडकी आमच्या गल्लीवर उघडत होती. ते मला तेव्हा दिसलं.

आदल्या संध्याकाळी मास्तर वादळापाशीच थांबले होते. पुढं काय लिहिणार ते बायजाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बायजानं एक क्षणही घेतला नाही. "नाय सुटली अजून," ती म्हणाली. "वारा मेलाय. शिडं लोंबताहेत. आता सगळ्यांनी वल्ही मारायची. तुला बी एक वल्हं दिलंय. धर माझा हात. आता ओढ."

पोरीनं तोच वाकडा जुळलेला हात धरला आणि ओढला.

"आणि एकदा. कोणी थांबायचा नाय. पुढं उजेड दिसतोय मला. ओढ."

दुपार कलता कलता मुलगी झाली. आधी निळी पडलेली, मग रडली, आणि सगळ्या घराला ऐकू गेलं. आई जगली. बायजानं पोर पुसून तिच्या छातीशी दिली, हात धुतले आणि आम्ही बाहेर आलो.

भाऊसाहेब दाराला लागूनच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, त्यांचं उपरणं घामानं भिजलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बायजाकडे बघितलं.

"ती होडी," ते म्हणाले, "त्या वादळातून... निघाली का मग?"

बायजानं पदर खोचला आणि पायरी उतरली. उतरता उतरता म्हणाली, "संध्याकाळी अंगणात या. खाली बसाया लागंल."